विश्वासभावजी आणि आंजर्ल्याची लपाछपी

विश्वासभावजींकडे स्कूटर नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. हेल्मेट मात्र होतं. ते नारळासाठी. रत्नागिरीत माणसाच्या डोक्यावर कुठे ना कुठे माड असतोच, आणि "नारळ काय सांगून पडतो?" असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या परसात शिरायचं झालं की पिशवीतून हेल्मेट निघायचं, हनुवटीखाली पट्टा आवळला जायचा, आणि मगच भावजी म्हणायचे, "हां, आता बोला."

ते माझ्या नवऱ्याचे, सुभाषचे मित्र. दोघं एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरचा वास घेत. मुलांनी बोरं खाल्ली तर बिया थुंकल्या की गिळल्या, याची चौकशी होई. "सांगून का येतं वहिनी काही?" हे पालुपद ठरलेलं. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "एका माणसाची काळजीच पुरून उरते हो."

मोबाइल नुकते कुठे लोकांच्या खिशात दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. सुभाषच्या मुंबईच्या मावसभावाने आंजर्ल्याला अगदी समुद्राला लागून घर बांधलं होतं. "दोन दिवस जाऊन मजा करा," म्हणाला. मुलांना माझ्या आईकडे ठेवून आम्ही दोघं, अरुण आणि शैला हे आमचं स्नेही जोडपं, आणि भावजी असे निघालो.

खाडी होडीने ओलांडायची होती. भावजींनी होडीवाल्याला विचारलं, "तुला पोहता येतं ना रे?"

"मला येतंय. तुमचं काय?"

पलीकडचा काठ येईपर्यंत भावजींनी होडीची कड सोडली नाही.

घरी पोचल्यावर आम्ही समुद्र बघायला धावलो, तर भावजी विहिरीवर फळ्या टाकत होते. माडांखालच्या खुर्च्या उचलून त्यांनी उन्हात नेऊन ठेवल्या. झब्बू खेळायला बसलो तर पानं हातात आणि कान लाटांकडे. "भरती लागली वाटतं."

"विश्वास, लागू दे. तू पान टाक!" सुभाष ओरडायचा.

वाळूत लगोरी मांडायची ठरली, तेव्हा फुटक्या कौलांचे तुकडे घेऊन भावजी जे गायब झाले, ते अर्ध्या तासाने आले. दगडावर घासघासून प्रत्येक तुकड्याची धार त्यांनी मोडून टाकली होती. "कुणाला लागलं म्हणजे? इथे डॉक्टर कुठला शोधता?"

रविवारी चहाच्या आधी शैलाला लपाछपीची हुक्की आली. चाळिशीतली माणसं आम्ही! पण खेळलो. राज्य भावजींवर आलं. अंगणात माड होते, म्हणून डोक्यावर हेल्मेट. त्या हेल्मेटवर हात ठेवून, खांबाकडे तोंड करून त्यांनी आकडे म्हटले. अरुण कुंपणाच्या दगडी गडग्यामागे सापडला, शैला न्हाणीघरात, मी दाराआड. सुभाष काही सापडेना.

"सुभाष, संपला रे खेळ! ये बाहेर!"

उत्तर नाही. आम्ही हसत होतो. भावजी घराला दोन फेऱ्या मारून आले, मग फाटक उघडून किनाऱ्याकडे गेले. आम्हीही मागोमाग फाटकापर्यंत गेलो.

पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत सुभाषच्या चपला होत्या.

"मुद्दाम ठेवल्यात मेल्याने," शैला म्हणाली. मलाही तसंच वाटलं. पण किनाऱ्यावर दूरपर्यंत एक माणूस नव्हता. तेवढ्यात लाट आली आणि त्यातली एक चप्पल उलटी झाली.

भावजींनी हाक मारली नाही, आमच्याकडे वळून पाहिलं नाही. शर्ट-पँटसकट, हेल्मेटसकट ते सरळ पाण्यात शिरले. गुडघाभर, कमरेभर, छातीभर. पुढची लाट आली आणि नुसतं हेल्मेट दिसलं. मग तेही दिसेना. अरुण धावत सुटला.

आणि सुरूच्या झाडांमागून सुभाष बाहेर आला. तोंडावर हसू तयार होतं. ते तसंच थिजलं.

"विश्वास! अरे, मी इकडे आहे!"

हेल्मेटात कुठलं ऐकू जायला! सुभाष आणि अरुण पाण्यात घुसले, काखांत हात घालून त्यांनी भावजींना ओढत वाळूवर आणलं. भावजी खारं पाणी ओकत होते. सुभाष रडवेला होऊन ओरडला, "वेड्या, तुला पोहता येत नाही!"

भावजी खोकत म्हणाले, "तुला तरी कुठे येतं?"

घरी आल्यावर मी आल्याचा चहा केला. भावजींना सुभाषची फुलाफुलांची बर्म्युडा घालायला दिली. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. ते पडवीत बसले होते, चहा बशीत ओतून. सुभाष त्यांचे ओले कपडे घेऊन पायरीवर बसला.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला.

भावजी त्याच्यावर रागावले नाहीत. माझ्याकडे बघत, जरा ओशाळून म्हणाले, "वहिनी, रोज बाजारातून परतताना हा माझ्या खिडकीखाली स्कूटरचा हॉर्न वाजवतो. मी आतून 'आहे रे' म्हणतो. थांबत नाही हा, जातो तसाच पुढे. पण तो वाजला की मी कुकर लावतो." बशीतला चहा त्यांनी कपात परत ओतला. "सुट्टीत तुम्ही गावाला जाता ना, तेव्हा लावावासाच वाटत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे हॉर्नचं मला ठाऊक नव्हतं. मी सुभाषकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. हातातली ओली पँट तो पिळत होता. पाणी केव्हाच निथळून गेलं होतं, तरी पिळतच राहिला.