म्हात्रेकाकांची तपासणी

म्हात्रेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना नाही, कॉम्प्युटरच्या पाठीला भेटायचे. चपला दारात, नमस्कार नंतर. थेट टेबलाखाली शिरून यूएसबीच्या भोकांत टॉर्च मारायचे आणि तिथूनच विचारायचे, "बाकी, घरात सगले बरे?"

तळोज्याच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, नाद लागला. तेव्हा पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत घरोघरी डबा कॉम्प्युटर होते. कुणाच्यात व्हायरस शिरला की काका सीडी घेऊन हजर. "येकदा लिनक्स टाकला का डोक्याला ताप नाय!" त्यांच्या डोक्याला नसायचा, हे खरं.

एकदा माझ्या शिकवणीच्या मुलांची दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती, प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या आणि नवा प्रिंटर कॉम्प्युटरला दिसेना. काकांनी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लावली आणि खूश होऊन ओरडले, "बग! यूएसबीचं पोर्ट प्रिंटरला पत्ता देतंय, नि तो घेत नाय! बिनपत्त्याच्याला कोन घरात घेईल?"

"काका, मी बाजारातून छापून आणतो."

"यूएसबीचा कंट्रोलर धडधाकट हाय, नि तू बाजारात जातोस? लाज काडशील माजी!"

केबल बदलली. दुसरं भोक झालं. विजेत गडबड होत असेल या संशयावरून माझ्या बायकोचा मिक्सर बंद करायला लावला; चटणी अर्धवट राहिली. शेवटी काकांनी वेगवान यूएसबी चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून सगळा कारभार जुन्या, संथ ड्रायव्हरकडे सोपवला. प्रिंटरने खाकरून पहिला कागद बाहेर टाकला. मुलांची परीक्षा झाली.

दुसऱ्या संध्याकाळी काका पुन्हा दारात.

"चालतोय प्रिंटर, काका."

"तपासनी करायला लागते."

त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तपासणी. मी वैतागून बाहेरच्या खोलीत गेलो, तर काका प्रिंटरजवळ नव्हतेच. माझ्या वडिलांच्या खाटेशी बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना एकेक शब्द काढायला वेळ लागायचा. घाईघाईत त्यांची वाक्यं आम्हीच पुरी करायचो. काका मात्र गप्प बसून वाट बघत होते.

"त्यांना फार वेळ लागतो, काका."

"लागू दे. तुजी काकी गेल्यापासून माज्याशी बोलतंय कोन?"

बाबांचे ओठ हलले. मी तोंड उघडणार, तोच काकांनी हाताने मला थांबवलं.

"म्हात्रे," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "जे...वून जा."

काका हात धुवायला उठले.