समोरून किती?

आमच्या निरगुडसरचे सार्जंटकाका कुठल्याही दारातून सरळ आत येत नाहीत. उंबऱ्याशी थांबतात, काटकोनात वळतात आणि डावा खांदा पुढे घालून खेकड्यासारखे घरात शिरतात. दार चांगलं चार फुटी असतं आणि काका सुतळीइतके जाड. नवा माणूस घाबरून हात द्यायला धावतो. त्याला काका शांतपणे सांगतात, "समोरून जेवढं कमी दिसाल, तेवढं जास्त जगाल. गनशिपचा पयला नियम हाये ह्यो, राव."

काकांनी हवाई दलातली अख्खी नोकरी जमिनीवर केली. लढाऊ हेलिकॉप्टरला, म्हणजे गनशिपला, रॉकेटं लावायची, गोळ्यांचे पट्टे भरायचे, हे त्यांचं काम. त्याला ते 'ओटी भरणं' म्हणतात. "नांदायला निघालेल्या लेकीची भरत्यात, तशीच. फकस्त डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढंच." निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी कोणाचा नवा बंगला असो की नवा बैल, काकांचा प्रश्न एकच: "समोरून किती?" मंचरच्या सभेला एक वजनदार पुढारी आले होते. काकांनी त्यांना व्यासपीठावर चढताना नीट पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांना चुकवायचं म्हणलं तरी नेम लागंल."

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांचा हक्काचा श्रोता मीच. चहा उकळेपर्यंत ते मला अल्जीरियाहून अफगाणिस्तानला नेऊन आणतात. "आधी हेलिकॉप्टर बिचारं जखमी उचलायचं, सर. मंग अल्जीरियात फ्रेंचांनी त्याला मशीनगन बांधली. व्हिएतनामात अमेरिकनांना कळलं, पोट सुटलेलं यंत्र लगीच घावतंय. तवा त्यांनी मुद्दाम बारीक बनवलं. गोळी मारणारा पुढं, अन् चालवणारा त्याच्या मागं, जरा उंचावर. आपल्या यष्टीत कंडक्टर बॉनेटवर बसवून ड्रायव्हर टपावर टाकला, तर कसं?" रशियनांनी मात्र अफगाणिस्तानात आत माणसंही बसतील असं धूड उडवलं. "लई धाक व्हता त्याचा. मंग डोंगरातल्या गड्यांनी खांद्यावरून मिसाईल सोडली, नि धाक उतरला." कारगिलच्या उंचीवर आपल्या जड गनशिपचा जोर चालला नाही, म्हणून पुढे आपण स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर बनवलं, हे सांगताना तर काकांचा आवाज असा लागतो, की ते त्यांनी परसदारी एकट्यानेच बनवलं असावं.

अशा माणसाच्या दारात मागच्या वैशाखात हेलिकॉप्टर यायचं ठरलं.

सोनाली ही त्यांच्या धाकट्या भावाची, बबनची मुलगी. काकांना मूलबाळ नाही, काकू लवकर गेल्या. सोनाली बबनच्या घरी फक्त झोपायला असायची. अभ्यास, जेवण, भांडण, सगळं काकांकडे. तिला मढचं स्थळ मिळालं. व्याही हौशी. नवरानवरीची वरात निरगुडसरहून मढला हेलिकॉप्टरने न्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. गाव हरखलं. काका एकच शब्द बोलले, "नाय."

"दादा, अख्खं गाव बसाया तयार हाये," बबन म्हणाला.

"मंग गाव बसव. माझी पोर नाय."

व्याही समजूत घालायला आले. काकांनी त्यांना सरळ, दार भरून आत येताना पाहिलं आणि त्यांचं म्हणणं तिथेच फेटाळलं. शेवटी सोनालीच आली. "काका, तुम्ही हो म्हणल्याशिवाय मी बसणार नाही. पण माझ्यावर कोण गोळी झाडणारे?"

तीन दिवस काका रानात पावलं टाकून अंतरं मोजत होते. चौथ्या दिवशी अट घातली: "जमीन माझ्या ताब्यात. पोर उतरल्याचं कळंपातुर माझ्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाय."

लग्नाच्या दिवशी कांदा निघालेल्या रानात चुन्याचं वर्तुळ पडलं. टँकरने पाणी मारून धूळ बसवली, त्यात पाहुण्यांच्या मोजड्याही बसल्या. मांडवाला जास्तीचे दोर लागले. बँडवाल्यांच्या टोप्या जप्त झाल्या. नवरदेवाला मुंडावळ्यांसकट कांद्याच्या काट्यावर उभं केलं. आकडा ऐकून काकांनी नुसती मान हलवली. अक्षतांवर बंदी आली: "इंजिनात जात्यात." हेलिकॉप्टर टेकताच बबनच्या सासूबाई नव्या ट्रॅक्टरवर फोडतात तसा नारळ त्याच्या नाकावर फोडायला निघाल्या, तेव्हा पायलट किंचाळत उतरला. काकांनी तोडगा काढला. नाकाला कुंकू, नारळ वीस पावलं लांब.

मग पायलटने सगळ्यांची वजनं विचारली. काकांनी खिशातून यादी काढून दिली. "अंकल, आप फौज में थे?" त्याने विचारलं. काकांनी सॅल्यूट केला. आडव्यानेच.

सोनालीचा पट्टा त्यांनी स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला. ती रडायला लागली तर म्हणाले, "हेडफोनात पाणी जाईल." मग वाकून मागे आले, हात वर केला, आणि ते यंत्र उचललं गेलं. मांडव जागचा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जेवायला पळाले.

काका वर्तुळाच्या कडेला उभेच. मी बोलवायला गेलो. "काका, चला. पंगत बसली."

"तुमी जेवा. मागारी येऊ द्या."

"कोण?"

"हेलिकॉप्टर, राव. गेलेलं आल्याबिगर खालचा माणूस जेवत नसतो." थोडं थांबून म्हणाले, "एकदा नाय आलं. अंधार पडंपातुर उभा व्हतो. दोघंबी पोरंच व्हती वो, मला काका म्हणायची. काच मीच पुसून दिली व्हती."

इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी खरं तेच बोललो. "काका, हे इथे परत येणार नाही. त्यांना मढला उतरवून परस्पर पुण्याला जाणार आहे."

काकांनी बांधाकडे बोट केलं. बांधाला दुसरा टँकर भरून उभा होता. "मंग ह्यो कशाला मागवला मी? उतरताना धूळ उडू नये म्हणूनच ना?" सगळ्या तयारीत, पाठवणीला निघालेली पोर त्याच वर्तुळात परत उतरणार असा हिशेब या माणसाने नकळत धरला होता. तो चुकतोय, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोनाली. मी फोन काकांच्या हातात दिला.

"पंखा थांबल्यावर उतरलीस ना?... सगळी?... बरं." मग बराच वेळ तीच बोलत होती. काका म्हणाले, "हां, जेवतोय. आत्ताच बसलो," आणि फोन मला दिला.

मग त्यांनी टँकरवाल्याला हाक मारली. "सोड रं पाणी."

"आता कशाला, काका? गेलं की इमान."

"मार म्हणलं ना. सणाला येईल पोर."

"ती काय हेलिकॉप्टरनं येतीया व्हय? यष्टीनं यील."

"यष्टीनं आली तरी धूळ उडतीच," काका म्हणाले, आणि टँकर पूर्ण रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.