शुद्ध तांब्याचं भोक

कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या चुंबकासाठी कॉइल कशाची करावी, हा प्रश्न कॉइल विभागातल्या अभियंता बाईंनी वर्षभर अभ्यासला. ॲल्युमिनियम हलकं, पण तेवढ्याच कामाला जाड लागणार आणि चुंबकात तेवढी जागा नव्हती. शेवटी त्यांनी तांबं निवडलं, तेही मधून आरपार पोकळ, म्हणजे आत पाणी खेळवून कॉइल थंड ठेवता येईल. बाकी सगळी चुंबकं बसली होती. यंत्र या एकापायी अडलं होतं.

माल आला आणि तपासनीसांनी तो परत पाठवला. शेरा होता: ‘प्रत्येक नगात या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक आढळले.’

बाईंनी जाऊन पाण्याचं समजावलं. तपासनीस भले गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं पटतंय हो,” ते म्हणाले. “पण विजेच्या तारेच्या तक्त्यात भोकाला रकाना नाही.”

रकाना ठरवायला समिती नेमली गेली. चार बैठकांनंतर तिनं उदार मनानं निर्णय दिला: भोकास हरकत नाही, मात्र तारेत अन्य पदार्थ चालत नसल्याने भोकही शंभर टक्के शुद्ध तांब्याचेच असावे. पुरवठादार आज्ञाधारक निघाला. त्यानं भरीव कांबी पाठवल्या, सोबत भोकाच्या शुद्धतेचा दाखला. माल एका दिवसात पास झाला.

बाईंनी नकार दिला, तेव्हा वरून लेखी आदेश आला. कॉइल गुंडाळली, चाचणीला लावली आणि नवव्या मिनिटाला धूर निघाला. चौकशीत ठपका पाण्यावर आला: ते ‘उपलब्ध भोकाचा लाभ घेण्यात अपयशी ठरले’.

घरी बाईंना घास जाईना. सासूबाईंनी काय झालं ते काढून घेतलं आणि थोडा विचार करून विचारलं, “अगं, आरपार भोक असलेल्या तांब्याला नळी नाही का म्हणत?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी नळकाम विभागामार्फत तांब्याची चौकोनी नळी मागवली. नळीला भोक असायचंच, म्हणून कुणी काही विचारलं नाही. कॉइल झाली, पाणी खेळलं, चुंबक सुरू झालं. बाईंनी दार लावून घेऊन दोन उड्याही मारल्या.

आठवड्यानं तपासनीस फेरीवर आले. त्यांनी मीटर लावून पाहिलं आणि फाइलवर लिहिलं: ‘पाण्याच्या नळीतून वीज गळत आहे. प्लंबर बोलवावा.’ खाली सहा अधिकाऱ्यांनी ‘पाहिले’ लिहून सह्या केल्या.

सहाही जण शिकलेसवरलेले, तुमच्याआमच्यासारखेच. तो कागद तुमच्या टेबलावर आला असता, तर तुम्ही काय विचारलं असतंत? गळणारी वीज सांडते कुठं, की सही कुठं करायची?