जांभळावरची लाल फुली

सकाळी दारासमोरच्या जांभळावर लाल फुली दिसली आणि चिंतामण सरांचा चहा कपातच राहिला. मेढ्याहून पिशवीत घालून आणलेलं रोप, बावीस वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं! खोडाला चिठ्ठी डकवलेली: 'धोकादायक. उद्या तोड. वृक्ष समितीची मंजुरी.'

"कोण गाढव बसलंय या समितीवर?" सर कडाडले.

"अहो, निदान चपला तरी घालून जा!" शरयूताई आतून ओरडल्या.

पालिकेत नाथाजी कारकून भेटला.

"समितीवर कोण कोण आहे?"

"ती यादी दाखवता येत न्हाई, सर."

"का? नेमणुका काय चोरून करता? जाहिरात तरी दिली होती?"

"दिली की. भिंतीवर लावलीया."

"कुठल्या भिंतीवर?"

नाथाजीनं कपाटाकडं बोट दाखवलं. "त्येच्या मागं."

सरांचं डोकं सणकलं. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस याच गावात राहतो, त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्यांना जांभूळ नि करंज एकच दिसतं ते झाडांचा निकाल लावणार! यादी बघितल्याशिवाय हलायचं नाही म्हणून त्यांनी टेबलासमोर बसकणच मारली. जेवायची वेळ टळून गेली. सरांच्या रागीट नजरेपुढं डबा उघडवेना, तेव्हा नाथाजीनं मुकाट रजिस्टर पुढं सरकवलं.

चार नावं होती. शेवटचं, 'चिंतामण दत्तात्रय वैशंपायन, वनस्पतितज्ज्ञ.' सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अहो, हा तर मी!"

"व्हय. तीन वर्सं झाली की."

"मला कुणी कळवलं?"

"एक तज्ज्ञ लागतोच, नियम हाय. उगं तुमास्नी कशापायी तरास द्यायचा?"

प्रत्येक बैठकीला सरांची सही होती. ऐटबाज, खाली दोन रेघा मारलेली. जांभूळ तोडायच्या ठरावावरसुद्धा.

"ही सही माझी नाही! लाज वाटत नाही तुम्हाला? आधी तोड थांबवा!"

"तज्ज्ञ सदस्यानं लेखी हरकत दिली की थांबती, सर."

सरांनी हरकत लिहिली, खाली सही ठोकली. नाथाजीनं कागद रजिस्टरशेजारी धरला आणि मान हलवली.

"सही जुळत न्हाई."

"जुळेल कशी? ही खरी आहे!"

"आसंल. पर रेकॉर्डला ही हाय."

सरांनी एकदा नाथाजीकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. मग रजिस्टर जवळ ओढलं, जीभ दातांत धरून ती ऐटबाज सही दोनदा कच्च्या कागदावर गिरवली आणि तिसऱ्यांदा हरकतीवर केली. दोन रेघांसकट.

"आता कसं!" नाथाजीनं शिक्का हाणला. "आवं, पयल्यांदाच नीट करायची न्हाई व्हय, सर?"