आठ रॉकरांची चोरी

यवतमाळच्या नरहर वकिलांनी नागपूरहून मोटारींवरचं एक पुस्तक मागवून तीनदा वाचलं आणि त्यांच्या जुन्या विलायती गाडीचे ग्रह फिरले. साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न. गाडी टकटक वाजत होती. झडपांना वरून दाबणारे रॉकर नावाचे छोटे दांडे झिजलेत, असं निदान वकिलांनी चहा पिता पिताच केलं. रॉकरांचे प्रकारही बायकोला, कुंदाबाईंना ऐकवले. पत्र्याचे ठोकलेले, ओतीव, घडीव, टोकाला चाक असलेले. आपले बहुधा घडीव. कुंदाबाईंनी एवढंच सुचवलं, की पूनमसिंग मिस्त्रीला दाखवून घ्या. वकील दुखावले. पुस्तक काय पूजेला आणलं होतं?

रविवारी सकाळी त्यांनी घाम गाळून इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवलं. आत रॉकर नव्हतेच. घडीव नाहीत, ओतीव नाहीत, आठच्या आठ गायब!

गाडीला शेवटचा हात पूनमसिंगचाच लागला होता. वकिलांनी तिथल्या तिथे दोन पानी फिर्याद लिहिली, चोरीचं कलम घातलं आणि ठाण्यात पाठवून दिली.

दुपारी पूनमसिंग धापा टाकत दारात आला. बंजाऱ्यांचा तांडा सोडून गावाबाहेर लोहाऱ्याच्या रस्त्यावर गॅरेज टाकून त्याने दहा वर्षांत नाव कमावलं होतं. ते आता एका दिवसात जायची वेळ आली होती.

"साहेब, म्या रॉकर चोरले म्हनून पोलीस मले बोलावून राह्यले. वकील पायजे. तुमच्याशिवाय मी कोनाले ओळखतो?"

बचाव काय, एवढंच वकिलांनी विचारलं. पूनमसिंगची नजर अंगणातल्या उघड्या इंजिनाकडे गेली. त्याने एकदा इंजिनाकडे, एकदा वकिलांकडे पाहिलं. मग जवळ जाऊन त्याने झडपांवर बोट ठेवलं.

"अशा इंजनाले रॉकर नसतेच, साहेब. झडपा बाजूले हायेत, खालूनच उचलल्या जाते. जे नाही ते कोन चोरीन?"

वकिलांनी मुकाट्याने काळा कोट चढवला. ठाण्यात त्यांनी स्वतःच्याच फिर्यादीच्या अशा चिंध्या केल्या, की जमादार बघतच राहिला. शेवटी त्याने दौतीत टाक बुडवून विचारलं, "म्हणजे फिर्यादीला गाडीतलं काही कळत नाही, असं लिहू?"

"लिहा," वकील म्हणाले आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर पूनमसिंगने हात जोडले. "फिर्यादी कोन, ते म्या काही इचारलं नाही, साहेब. उद्या सकाळी येतो अन् त्याची गाडी जोडून देतो."