भिंतीवर तपकिरी, दारावर पांढरा

संध्याकाळची बस होती, बॅगा भरून झाल्या होत्या आणि नेमक्या त्याच सकाळी तपासनीस घराच्या दाराला रंग द्यायला बसले.

"अहो, आज?" काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आजच. डब्यात रंग उरलाय. आपण परत येईपर्यंत त्याचा दगड होईल. चांगला रंग फुकट घालवायचा?"

"आणि ओल्या दाराला कुलूप कसं लावायचं?"

"दुपारपर्यंत खडखडीत वाळतं. डब्यावर छापलंय."

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापं खात्यात त्यांची उभी हयात दुकानदारांच्या तराजूत खोट काढण्यात गेली. ते निवृत्त झाले तेव्हा बाजारपेठेने सुटकेचा निःश्वास सोडला आणि ती सगळी नजर घरावर वळली. धुतलेली ताटं उजेडाकडे धरून पाहिली जाऊ लागली, चादरींच्या घड्यांचे कोपरे जुळवले जाऊ लागले. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे तपासनीस म्हणत आणि काकू मनातल्या मनात.

पण आज काकूंना भांडायचं नव्हतं. मुलीची बाळंतपणाची रजा संपत होती आणि काकू पंधरा दिवस नातीला सांभाळायला निघाल्या होत्या. नातीला त्यांनी आजवर फोनच्या काचेतच पाहिलं होतं. ते एवढंसं गाठोडं एकदा मांडीवर घ्यायचं, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं तर जाणार होत्या त्या एकट्याच. "तुला एकटीला काय जमणार?" असं म्हणून तपासनिसांनी परस्पर स्वतःचंही तिकीट काढलं होतं.

ब्रश मागच्या वेळचा होता, काठीसारखा कडक झालेला. तपासनिसांनी तो रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून, काकूंच्या फणीने विंचरून पुन्हा माणसात आणला होता. दार मात्र सुरेख झालं. तपकिरी, चकचकीत, कुठे ओघळ नाही. दुसरा कोणी असता तर इथे हात धुऊन मोकळा झाला असता.

"रंगारी ब्रश फेकून देतात. का? तर धुवायचा कंटाळा!" तपासनीस दुधाच्या पातेल्यात रॉकेल ओतत म्हणाले. त्यांनी ब्रश खळखळून धुतला, फडक्याने पुसला, झटकला. "आता तपासणी."

आणि त्यांनी तो ब्रश दाराशेजारच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर ओढला. हातभर तपकिरी पट्टा उठला.

"अहो! भिंतीवर कशाला?"

"तपकिरी रंग पांढऱ्यावरच दिसणार ना? दारावर ओढून काय कळणार होतं?"

"मग कागदावर ओढायचा!"

"कागद शोषून घेतो. तपासणी प्रत्यक्ष जागेवरच व्हावी लागते."

पट्टा रॉकेलने पुसला, तो ताटाएवढा पसरला. तेव्हा माळ्यावरचा पांढऱ्या रंगाचा डबा खाली आला. ब्रश पुन्हा धुतला गेला आणि त्याच ब्रशने भिंत पांढरी झाली.

"झालं ना? ठेवा आता," काकू म्हणाल्या.

"न धुता?" तपासनिसांनी ब्रश साबणाच्या पाण्यात धुतला, पिळला आणि त्या नव्याकोऱ्या दारावर ओढला. दारावर पांढरी रेघ उमटली. "बघ! राहिलाच होता. पांढरा असा तपकिरीवर लगेच सापडतो."

सापडला म्हणजे दार दुरुस्त करणं आलं. दार दुरुस्त केलं म्हणजे ब्रशाला तपकिरी रंग लागला. तो धुतला म्हणजे धुतल्याची खात्री करायला भिंत होतीच. दुपारच्या जेवणापर्यंत भिंतीवर तपकिरी आणि दारावर पांढरा असं आळीपाळीने बरेचदा सापडून झालं. काकूंनी दुसरा ब्रश आणायची गोष्ट काढून पाहिली. "घरात ब्रश असताना?" असं तपासनिसांनी विचारलं, ते एखाद्याने घरात बायको असताना दुसरी करायला सुचवावं तशा चेहऱ्याने.

रॉकेलच्या वासाने समोरच्या घरातले वकील बाहेर आले. जेवून पुन्हा कामावर निघालेले, अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट. काय चाललंय ते ऐकता ऐकता त्यांनी सवयीने दाराला कोपर टेकलं.

"थांबा, हलू नका!" म्हणत तपासनिसांनी रॉकेलचा ब्रश त्यांच्या बाहीवर फिरवला. कोपरापुरता असलेला डाग खांद्यापर्यंत गेला.

"अहो, हे काय केलंत?" वकील किंचाळले.

"डागाचं सोडा हो, पण ब्रश अजून रंग सोडतोय. पांढऱ्यावर लगेच कळलं," तपासनीस समाधानाने म्हणाले.

वकील दार आपटून घरात गेले. त्यांचं दार वाळलेलं होतं, म्हणून आपटता तरी आलं. काकूंना आता रडू यायचं बाकी होतं. बस चुकली की पुढची तिकिटं कधी मिळणार आणि नात कधी दिसणार? तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

"आई, निघताय ना?"

"अगं, निघतोय. तुझे बाबा ब्रश तपासतायत."

"आई, रागावू नकोस. काल बाबांचा फोन आला होता. दुधाच्या बाटल्या कशा धुतेस, म्हणाले. मी सांगितलं. तर म्हणे, आल्यावर बघतो. आई गं, मी आधीच अर्धमेली झालेय. बाबा मला हवेत गं, पण आत्ता नकोत."

काकूंनी फोन ठेवला. ही मुलगी तान्ही होती तेव्हा तपासनीस तिला दूध पिण्याआधी आणि प्यायल्यावर वजनकाट्यावर ठेवत. फरक समाधानकारक नसला की हुकूम सुटे, "पुन्हा पाज!" काकूंनी आत जाऊन नवऱ्याची बॅग उघडली. शर्टांच्या खाली, टॉवेलात नीट गुंडाळलेला काटा होता.

त्यांनी बॅगेची चेन लावली आणि त्या बाहेर आल्या. दारावर पांढरं नव्हतं, भिंतीवर तपकिरी नव्हतं. तपासनीस धुतलेला ब्रश खिळ्याला अडकवत होते.

"चल," ते मोठ्या मनाने म्हणाले. "बस चुकायची. दार जवळजवळ वाळलंय, तासाभरात कुलूप लागेल. ह्या वेळी ब्रश नाही तपासत मी. तुझ्यासाठी."

उभ्या संसारात ते असं पहिल्यांदाच म्हणत होते. काकू 'चला' म्हणायला गेल्या. मग त्यांना टॉवेलातला काटा आठवला.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "मला तर केसांच्या मुळाशी अजून तपकिरी दिसतोय."

तपासनिसांनी वळून बायकोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "तुलाही दिसतंय?"

"स्पष्ट."

ब्रश खिळ्यावरून उतरला आणि भिंतीवर फिरला. काही उमटलं नाही. काकूंचा जीव खालीवर झाला.

"जरा जोर देऊन ओढा," त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी जोर दिला आणि मुळातून फिक्कट तपकिरी रेघ बाहेर आली. काकूंनी आपली बॅग उचलली.

"आता दोघांनी जाऊन कसं चालेल? दार उघडं टाकायचं का? मी पुढे होते, तुम्ही सावकाश करा."

"उद्या येतो मी."

"मुळीच घाई करू नका. तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमणार नाही." आणि दाराला पदर लागू न देता, अंग चोरून त्या बाहेर पडल्या.

आठवडा उलटला तेव्हा तपासनिसांचा फोन आला. आवाजात विजय होता. "झालं! दार वाळलं, भिंत झाली, ब्रश धुऊन ठेवला. रात्रीच्या बसने निघतो."

काकूंच्या मांडीवर नात दूध पिता पिता झोपी गेली होती. किती प्यायली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी मुलगी पालथी पडून घोरत होती.

"वा!" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ब्रश वाळल्यावर पुन्हा एकदा ओढून बघितलात?"

पलीकडे खिळ्यावरून काहीतरी निघाल्याचा आवाज झाला.

"थांब," तपासनीस म्हणाले. "फोन ठेव. नंतर करतो."