लोकांच्या वतीने मेहुणा

चित्रपट कंपनीच्या नियमावलीनुसार, गाजलेलं विनोदी नाटक पडद्यावर आणण्यापूर्वी ते लोकांना समजतं याची खातरजमा करणं बंधनकारक होतं. लोक संख्येने फार असल्यामुळे त्यांच्या वतीने व्यवस्थापकांच्या मेहुण्याची प्रातिनिधिक प्रेक्षक म्हणून नेमणूक झाली होती.

नाटककार मास्तरांचं नाटक त्याच्याच टेबलावर गेलं. गोष्ट साधी होती. मुलगी पाहायला आलेल्या तरुणाला घरातली माणसं घड्याळ दुरुस्त करायला आलेला घड्याळजी समजतात. मुलगी त्याच्यापाशीच, येणाऱ्या स्थळाच्या नावाने बोटं मोडते आणि बोलता बोलता त्याच्यावर जीव जडवून बसते. तो तिथून हलायला नको म्हणून चांगलं चालतं घड्याळ खोलून ठेवतो. आठ मिनिटांचा प्रवेश. "बाकी काय वाटेल ते करा," मास्तर म्हणाले होते, "एवढ्या प्रवेशाला हात लावू नका."

पहिला अभिप्राय आला: तरुण घड्याळजी नाही, हे लोकांना कळणार नाही. म्हणून त्याच्या सदऱ्यावर ठळक अक्षरांत 'नवरदेव' विणण्यात आलं.

दुसरा अभिप्राय: मुलीला वाचता येत नाही, असा लोकांचा समज होईल. म्हणून तिला सगळं आधीच सांगण्यात आलं.

तिसरा: ठाऊक असताना ती घड्याळाविषयी का बोलते? म्हणून तिचं बोलणं काढलं. मग नुसतं खोललेलं घड्याळ उरलं. ते जोडायला खरा घड्याळजी बोलावणं क्रमप्राप्तच होतं.

"म्हणजे आठ मिनिटं घड्याळ दुरुस्त होतं?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"हो."

"होतं ना पण नीट? नाहीतर तेही राहायचं."

मास्तर पायांत चपला सरकवून थेट मेहुण्याकडे गेले. तो मूळ संहिता मांडीवर घेऊन डोळे पुसत होता. हसून हसून पाणी आलं होतं.

"मास्तर, ती म्हणते ना, 'उद्याही बिघडेल का हो हे?' तिथे मी खुर्चीवरून पडायचाच राहिलो."

"मग काढलंत कशाला?"

"मला कळतं हो. मी लोकांचं बघतो."

"हे लोक असतात कुठे?"

मेहुण्याने खिडकीतून खालच्या बसच्या रांगेकडे बोट दाखवलं.

मास्तर खाली उतरले. रांगेतल्या पहिल्या बाईंना उभ्या उभ्याच त्यांनी सगळा प्रवेश ऐकवला. बाई पदरात तोंड लपवून हसल्या. मागचे टोपीवाले काका हसले. त्यामागचा शिंपी तर हसता हसता रांगेबाहेर गेला. बस आली, निघून गेली, कुणी चढलं नाही.

"मग एवढं लिहून द्या," मास्तरांनी कागद पुढे केला. "समजलं म्हणून."

बाई गंभीर झाल्या. "मला समजलं हो. पण आमच्या जाऊबाईंना नाही झेपायचं."

काका म्हणाले, "घरी एक जावई आहेत. त्यांच्याकडे बघून सही करवत नाही."

शिंप्याने फक्त मागच्या माणसाकडे पाहिलं.

कोरा कागद घेऊन मास्तर वर गेले आणि खऱ्या घड्याळजीला मंजुरी देऊन आले. चित्रपट तुडुंब गर्दीत चालला. बाहेर पडणारा जो तो म्हणत होता, "अगदीच बाळबोध आहे, पण लोकांना असंच लागतं."

ही गोष्ट कुणाला वाचायला द्याल, तर आधी जरा समजावून द्या. तुम्हाला कळली. त्यांचं काही सांगता येत नाही.